अभिक्रिया आपसूक होईल का? चुनखडीपासून भिंतीवरच्या चुन्यापर्यंतचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतात. पहिल्याच वर्षी उष्मागतिकीचा धडा इंग्रजीतून समोर येतो. त्यातल्या 'स्पॉन्टेनियस' या शब्दाला मराठीत 'उत्स्फूर्त' म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो. वर्तमानपत्रात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' छापून येतो तेव्हा लोक लगेच आणि जोरात पुढे आले असा अर्थ असतो. रसायनशास्त्रातल्या या शब्दात वेगही नाही आणि जोरही नाही. बाहेरून सतत ढकलावं न लागता बदल त्या दिशेने जाऊ शकतो, एवढंच तो सांगतो. आपल्या बोलण्यातला 'आपसूक' हा शब्द त्याला जास्त जवळचा आहे, म्हणून इथे तोच वापरला आहे.

हिशेब एकाच ओळीचा आहे:

डेल्टा जी = डेल्टा एच − (टी × डेल्टा एस)

डेल्टा एच म्हणजे एन्थाल्पीतला बदल. स्थिर दाबाला अभिक्रियेने उष्णता घेतली तर तो धन, दिली तर ऋण. डेल्टा एस म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल (ऊर्जा आणि कण किती तऱ्हांनी विखुरलेले असू शकतात, त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी) आणि टी म्हणजे केल्विनमधलं तापमान. डेल्टा जी ऋण आला तर अभिक्रिया लिहिली त्या दिशेने आपसूक होऊ शकते. धन आला तर उलट दिशेने, आणि शून्य आला तर समतोल. 'एन्ट्रॉपी' हा शब्द क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये घडवला. जी ही राशी विलार्ड गिब्ज यांची, म्हणून तिला गिब्ज ऊर्जा म्हणतात.

ओळ पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. मार्क जातात ते एककांत, अवस्थांत आणि चिन्हांत. म्हणून एकच पदार्थ धरून सगळा हिशेब करू: चुना. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, कळी पाण्यात विरवली की विरलेला चुना होतो, आणि तो भिंतीवर हवा खाऊन पुन्हा चुनखडी होतो. तीन अभिक्रिया आणि एक पूर्ण फेरा. हा फेरा निवडण्याचं कारण म्हणजे शेवटी उत्तराचा ताळा करता येतो.

आधी आकडे मांडून घ्या

२५ अंश सेल्सिअसचे आकडे हे असे. पहिला आकडा घडणीची एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ घडताना एन्थाल्पीत होणारा बदल), किलोज्यूल प्रति मोल. दुसरा एन्ट्रॉपी, ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल.

कॅल्शियम कार्बोनेट, घन (चुनखडी): −१२०६.९, ९२.९
कॅल्शियम ऑक्साइड, घन (कळीचा चुना): −६३५.१, ३९.८
कॅल्शियम हायड्रॉक्साइड, घन (विरलेला चुना): −९८६.१, ८३.४
कार्बन डायऑक्साइड, वायू: −३९३.५, २१३.७
पाणी, द्रव: −२८५.८, ६९.९
पाणी, वाफ: −२४१.८, १८८.८

निरनिराळ्या पुस्तकांत शेवटच्या अंकात थोडा फरक दिसतो. त्याची काळजी नको, पण एका गणितात दोन पुस्तकांचे आकडे मिसळू नका. पाण्याच्या दोन ओळी वेगळ्या का दिल्या आहेत, ते पुढे कळेल. पहिला स्तंभ किलोज्यूलमध्ये आहे आणि दुसरा ज्यूलमध्ये, हे आत्ताच वहीत लाल पेनाने लिहून ठेवा.

पायरी १: समीकरण अवस्थेसह लिहा

कॅल्शियम कार्बोनेट (घन) → कॅल्शियम ऑक्साइड (घन) + कार्बन डायऑक्साइड (वायू)

कंसातला 'घन', 'वायू' ही शोभा नाही, त्यावर आकडा ठरतो. लिहिताना डावीउजवीकडचे वायूचे मोल मोजा. इथे डावीकडे शून्य, उजवीकडे एक. वायूचा एक मोल वाढला की एन्ट्रॉपी साधारण शंभर ते दोनशे ज्यूल प्रति केल्विनने वाढते. त्यामुळे डेल्टा एस धन येणार हे गणिताआधीच कळतं. नंतर ऋण आला तर वजाबाकी उलटी झाली आहे.

पायरी २: डेल्टा एच

उजवीकडची बेरीज वजा डावीकडची बेरीज.

(−६३५.१ − ३९३.५) − (−१२०६.९) = +१७८.३ किलोज्यूल

धन, म्हणजे भट्टीला उष्णता पुरवत राहावी लागते. दगड भाजायला जळण लागतं, तेव्हा चिन्ह पटण्यासारखं आहे.

पायरी ३: डेल्टा एस

(३९.८ + २१३.७) − ९२.९ = +१६०.६ ज्यूल प्रति केल्विन

एक चूक इथे फार होते. मूलद्रव्याची घडणीची एन्थाल्पी शून्य धरतात, म्हणून मुलं त्याची एन्ट्रॉपीही शून्य धरतात. तसं नसतं. ऑक्सिजन वायूची एन्ट्रॉपी २०५.२ आहे, लोखंडाची २७.३. समीकरणात मूलद्रव्य असेल तर एन्ट्रॉपीच्या बेरजेत त्याला घ्यावंच लागतं.

पायरी ४: एककं जुळवा, मगच वजाबाकी करा

१६०.६ ज्यूल म्हणजे ०.१६०६ किलोज्यूल. तापमान २५ + २७३ = २९८ केल्विन.

डेल्टा जी = १७८.३ − (२९८ × ०.१६०६) = १७८.३ − ४७.९ = +१३०.४ किलोज्यूल

हजाराने भागायचं राहिलं तर उत्तर −४७,६८० येतं. ते चिन्ह खरं मानलं तर चुनखडी खोलीच्या तापमानालाच फुटायला हवी. आपल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे ती चुनखडीच आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. उत्तर आलं की पायाखालच्या फरशीकडे एकदा पाहा. केल्विनऐवजी थेट २५ घातले तर १७४.३ येतं. या गणितात चिन्ह बदलत नाही म्हणून ती चूक नजरेत भरत नाही, म्हणूनच ती जास्त घातक आहे.

पायरी ५: तापमान कुठे पारडं फिरवतं

डेल्टा जी शून्य धरला की टी = डेल्टा एच ÷ डेल्टा एस.

१,७८,३०० ÷ १६०.६ = १,११० केल्विन, म्हणजे सुमारे ८३७ अंश सेल्सिअस

प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण असताना चुनखडी सुमारे ९०० अंशांना फुटते. साठ अंशांचा हा फरक चुकीचा नाही. आपण २५ अंशांचे डेल्टा एच आणि डेल्टा एस हजार केल्विनपर्यंत जसेच्या तसे वापरले, आणि ते तापमानाबरोबर थोडे सरकतात. परीक्षेत हे गृहीतक एका वाक्यात लिहून टाकावं.

भट्टीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती समजली की विषय खरा उलगडतो. वायूची एन्ट्रॉपी त्याच्या दाबावर ठरते. भट्टीला नीट खेच असली, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वर निघून जात राहिला आणि त्याचा आंशिक दाब समजा एक पंचमांश वातावरण राहिला, तर डेल्टा एसमध्ये ८.३१४ (वायू स्थिरांक) × लॉग ५ (नैसर्गिक लॉग) = १३.४ ज्यूलची भर पडते. १,७८,३०० ÷ १७४ = १,०२५ केल्विन. म्हणजे नुसत्या हवेच्या खेचेने लागणारं तापमान हिशेबाने ८५ अंशांनी खाली आलं. खेच कोंडली तर तेवढंच जळण जाळूनही दगड कच्चा राहतो.

पण धगीलाही वेळ लागतो. मोठ्या दगडाच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून दगड फोडून साधारण सारख्या आकाराचे करून भरतात. घाई करून आच फार वाढवली तर बाहेरचा चुना जास्त भाजून घट्ट होतो. असा चुना विरायला फार वेळ घेतो, आणि गिलाव्यात गेल्यावर मागाहून विरतो आणि फुगून पोपडे काढतो. यातलं काहीच डेल्टा जी सांगत नाही.

कळी विरवताना

कॅल्शियम ऑक्साइड (घन) + पाणी (द्रव) → कॅल्शियम हायड्रॉक्साइड (घन)

डेल्टा एच = −९८६.१ − (−६३५.१ − २८५.८) = −६५.२ किलोज्यूल
डेल्टा एस = ८३.४ − (३९.८ + ६९.९) = −२६.३ ज्यूल प्रति केल्विन
डेल्टा जी = −६५.२ + (२९८ × ०.०२६३) = −५७.४ किलोज्यूल

एन्ट्रॉपी कमी झाली, तरी अभिक्रिया आपसूक होते. हे मुलांना खटकतं आणि खटकायलाच हवं. उत्तर असं आहे: बाहेर पडलेली ६५.२ किलोज्यूल उष्णता भोवतालात गेली. भोवतालची एन्ट्रॉपी ६५,२०० ÷ २९८ = २१८.८ ज्यूल प्रति केल्विनने वाढली. चुन्याची २६.३ ने घटली. एकूण १९२.५ ची वाढ. या १९२.५ ला २९८ ने गुणा: ५७.४ किलोज्यूल, तोच आकडा. गिब्जच्या ओळीत खरं म्हणजे एकूण एन्ट्रॉपीचाच हिशेब आहे, फक्त पदार्थाच्या बाजूने मांडलेला. तीच उष्णता १,००० केल्विनच्या भोवतालात गेली असती तर वाढ ६५.२ एवढीच झाली असती. तापमान चढलं की डेल्टा एचचं वजन कमी आणि डेल्टा एसचं जास्त का होतं, ते यातून दिसतं.

किती उष्णता? एक किलो कळीत १७.८ मोल असतात, म्हणजे सुमारे १,१६० किलोज्यूल. साडेतीन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला एवढी पुरते. म्हणून कळीवर थोडं पाणी शिंपडणं धोक्याचं असतं. ते जागच्या जागी उकळतं आणि चुना डोळ्यांत उडतो. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन त्यात कळी थोडी थोडी सोडतात, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरी करू नये.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कळीचं पोतं उघडं राहिलं तर काय होतं, तेही याच आकड्यात आहे. हवेतली वाफ कळी आपसूक ओढते, ढेकळांची भुकटी होते, फुगून पोतं फाटतं. मात्र आता समीकरणात पाणी द्रव नाही, वाफ आहे. डेल्टा एच −१०९.२ आणि डेल्टा एस −१४५.२ होतो. दोघांचा भागाकार ७५२ केल्विन, म्हणजे ४७९ अंश. एक वातावरण दाबाच्या वाफेत त्याच्यावर तापवलं तर विरलेला चुना पुन्हा पाणी सोडून कळी होतो. द्रव पाण्याचे आकडे चुकून वापरले तर हेच तापमान २,४७९ केल्विन येतं, आणि त्या तापमानाला द्रव पाणी नसतंच. एका अवस्थेच्या चुकीने उत्तर तिप्पट झालं.

भिंतीवर

कॅल्शियम हायड्रॉक्साइड (घन) + कार्बन डायऑक्साइड (वायू) → कॅल्शियम कार्बोनेट (घन) + पाणी (द्रव)

डेल्टा एच −११३.१ किलोज्यूल, डेल्टा एस −१३४.३ ज्यूल प्रति केल्विन, डेल्टा जी −७३.१ किलोज्यूल. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे. त्याची दुरुस्ती सुमारे १९ किलोज्यूलची, तरी उत्तर −५४ च्या आसपास उरतं. अभिक्रिया होणारच. पण वायू थोडा आणि त्याला चुन्याच्या थरातून आत शिरायचं, म्हणून जाड थराला महिनोन्‌महिने लागतात. थरात थोडी ओल नसेल तर तीही थांबते, म्हणून नव्या गिलाव्याला ओल देत राहतात.

आता ताळा. तिन्ही अभिक्रिया मिळून आपण निघालो तिथेच परत आलो, तेव्हा बेरीज शून्य यायला हवी.

डेल्टा एच: १७८.३ − ६५.२ − ११३.१ = ०
डेल्टा एस: १६०.६ − २६.३ − १३४.३ = ०
डेल्टा जी: १३०.४ − ५७.४ − ७३.१ = −०.१

शेवटचा ०.१ हा पूर्णांकनाचा फरक. कुठलंही फेऱ्याचं गणित असं तपासता येतं. हा ताळा करायची सवय ज्याला लागली, त्याची चिन्हं सहसा चुकत नाहीत.

उरलेले प्रकार

चुन्यात दोन प्रकार आले: दोन्ही धन (भट्टी, फक्त उच्च तापमानाला आपसूक) आणि दोन्ही ऋण (विरवणं, फक्त कमी तापमानाला). भट्टीसारखाच, पण खोलीच्या तापमानालाच जमणारा प्रकार शेतकऱ्यांच्या हाताला ठाऊक आहे. फवारणीसाठी युरिया पाण्यात टाकला की बादली गार लागते. युरिया विरघळताना मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल उष्णता घेतो, तरी आपसूक विरघळतो, कारण त्याची एन्ट्रॉपी ५० ज्यूलपेक्षा जास्त वाढते. हा ५० कुठून आला? १५,००० ÷ २९८. करून पाहायला हा प्रयोग चांगला आहे: पाव लिटर पाण्यात ६० ग्रॅम, म्हणजे एक मोल युरिया टाका आणि थर्मामीटर लावून ढवळा. पारा दहा-बारा अंश उतरतो. भांडं स्वयंपाकातलं नको. उष्णता घेणारी अभिक्रिया आपसूक होत नाही, हा समज या एका पेल्यात संपतो.

डेल्टा एच ऋण आणि डेल्टा एस धन असेल तर अभिक्रिया प्रत्येक तापमानाला आपसूक. हायड्रोजन पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, दोन मोलांमागे डेल्टा जी −२३३ किलोज्यूलच्या आसपास. तरी मेडिकलमधून आणलेली बाटली महिने टिकते. जखमेवर टाकताच फेस येतो, कारण रक्तातलं कॅटलेज हे विकर अडथळा कमी करतं. दिशा डेल्टा जी ठरवतो, वेग सक्रियण ऊर्जा (हा अडथळा ओलांडायला लागणारी ऊर्जा) ठरवते. उत्तरपत्रिकेत या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळू नका.

चौथा प्रकार, डेल्टा एच धन आणि डेल्टा एस ऋण, कुठल्याच तापमानाला आपसूक नाही. आपल्याकडच्या शिवारातला ऊस रोज तेच करतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून एक मोल ग्लुकोज व्हायला डेल्टा जी सुमारे +२,८८० किलोज्यूल. तापवून ते होणार नाही. सूर्यप्रकाशाची ऊर्जा बाहेरून येते म्हणून होतं.

एक फसवं उत्तर

पाण्याची वाफ होण्याचं गणित वरच्या आकड्यांनी केलं तर डेल्टा एच ४४.० किलोज्यूल, डेल्टा एस ११८.९, आणि भागाकार ३७० केल्विन, म्हणजे ९७ अंश. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि इथे पाणी साधारण ९७.५ अंशांनाच उकळतं. आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. हा निव्वळ योगायोग आहे, कारण गणितात उंची कुठेच आलेली नाही. ९७ आले ते २५ अंशांचे आकडे उकळबिंदूला ताणल्यामुळे.

बरोबर रीत अशी: उकळबिंदूजवळचे आकडे घ्या, ४०.६६ किलोज्यूल आणि १०९.० ज्यूल. भागाकार ३७३ केल्विन, समुद्रकाठचं उत्तर. बेळगावचा हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ०.९१५ पट. वाफेच्या एन्ट्रॉपीत ८.३१४ × लॉग (१ ÷ ०.९१५) = ०.७४ ची भर. ४०,६६० ÷ १०९.७४ = ३७०.५ केल्विन, म्हणजे साडेसत्त्याण्णव अंशांच्या आत-बाहेर. आता उंची खरोखर हिशेबात आली.

लोखंड आणि अल्युमिनियम

बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अल्युमिना (अल्युमिनियमचं ऑक्साइड) काढतात. लोहखनिजासारखं कोळशाबरोबर तापवून अल्युमिनाचं धातू का करत नाहीत, हा प्रश्न इथल्या मुलांना पडायलाच हवा. दोन्हीकडे कार्बन घालून कार्बन मोनॉक्साइड निघतो असं धरून भागाकार करा. लोखंडाच्या ऑक्साइडला डेल्टा एच ४९२.७ आणि डेल्टा एस ५४३.२: ९०७ केल्विन, ६३४ अंश. अल्युमिनाला १,३४४.२ आणि ५८१.७: २,३११ केल्विन, २,०३८ अंश. एन्ट्रॉपीचा फायदा जवळपास सारखाच आहे, पण अल्युमिनियमने ऑक्सिजन फार घट्ट धरला आहे. एवढ्या तापमानाला धातू कार्बनशी जुळून कार्बाइडही करतो. म्हणून अल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (अल्युमिनियमचा एक फ्लोराइड क्षार) विरघळवून साधारण ९५० अंशांना वीज सोडतात आणि डेल्टा जीची तूट विजेने भरतात.

स्वतः करून पाहा

मॅग्नेशियम कार्बोनेट: −१०९५.८, ६५.७. मॅग्नेशियम ऑक्साइड: −६०१.६, २७.०. कार्बन डायऑक्साइडचे आकडे वरचेच. कोणत्या तापमानाच्या वर ते फुटेल? उत्तर ५७५ केल्विन, सुमारे ३०२ अंश यायला हवं. ०.५७५ आलं तर किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिले. उत्तर ऋण आलं तर दोन्ही वजाबाक्यांपैकी एक उलटी झाली आहे. ती शोधायला पायरी १ मधले वायूचे मोल पुन्हा मोजा.